डॉक्टर साहिबा फोन आपटतात : विजयनगरमधली एक एस्केप रूम

इंदूरमध्ये एस्केप रूम म्हटली की एक तर भुताचा वाडा असतो, नाहीतर बँकेवरचा दरोडा. खोलीत कोंडून घ्यायचं, तासाभरात किल्ल्या शोधायच्या, कुलपं उघडायची, शेवटी पाटी हातात धरून फोटो काढायचा आणि छप्पन दुकानवर जाऊन खायचं. विजयनगरमध्ये दुकानं-ऑफिसांच्या एका इमारतीत दुसऱ्या मजल्यावर जी खोली सुरू झाली आहे, तिची गोष्ट निराळी आहे. तिथे तुम्ही भविष्यातून आलेले प्रवासी असता, साल असतं १९७४, आणि एका भौतिकशास्त्रज्ञ बाईला तुमच्या गुप्त कामगिरीत सामील करून घ्यायचं असतं. बाई अफाट हुशार आणि महातिरसट. खेळ हिंदीत आहे, त्यामुळे तिचं नाव 'डॉक्टर साहिबा'. ती खोलीत कुठेच दिसत नाही. टेबलावर चकती फिरवायचा एक काळा फोन आहे, तिच्याशी जो काय संबंध येतो तो त्या फोनवरून. आणि मनासारखं उत्तर मिळालं नाही की ती फोन आपटते.

पैसे वसूल होतात ते या फोनवर, हे आधीच सांगून टाकते. बाकीच्या सामानात काही चांगलं आहे, काही भरतीचं आहे, आणि एका ठिकाणी चक्क चूक आहे. त्यावर येतेच.

होळकर कॉलेजात शिकून मी जन्मभर अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवलं. घरात माझी काय ख्याती आहे ते भाच्याने बुकिंग करतानाच ऐकवलं. "मावशी, त्या खेळात एक खडूस फिजिक्सवाली आहे. तुला न्यायलाच पाहिजे." तेव्हा हे परीक्षण थोडं त्या खडूस फिजिक्सवालीच्या बाजूने झुकलेलं असेल, असं समजून वाचा. टीममध्ये भाचा मिलिंद, त्याची बायको, त्यांचा दहा वर्षांचा ओजस आणि बँकेतून निवृत्त झालेले आमचे भाऊजी. ज्यांना जायचंय त्यांच्यासाठी कुलपांचे आकडे सांगणार नाही, पण एक-दोन कोड्यांबद्दल बोलल्याशिवाय गत्यंतर नाही.

वरवरच्या गोष्टी भराभर उरकते. माणशी ७०० रुपये, शनिवार-रविवारी ९००. चार ते सहा माणसं लागतात. लिफ्ट आहे आणि चालते. मोबाइल बाहेर लॉकरमध्ये ठेवायला लावतात, ते बरंच करतात. खोलीत बसायला एकच स्टूल आहे, गुडघ्यांची तक्रार असलेल्यांनी ते आल्याआल्या ताब्यात घ्यावं. एसी बेताचा ठेवा म्हणून सांगावं लागतं. काउंटरवरचा मुलगा मला सतत 'आंटीजी' म्हणत होता, त्याबद्दल मी एक तारा कापणार होते, पण पुढे तो ज्या पद्धतीने वागला त्यामुळे माफ केलं.

आता फोन. आत गेल्यावर दार बंद होतं, भिंतीवरचं घड्याळ साठ मिनिटांपासून उलटं धावू लागतं आणि लगेच फोन वाजतो. मिलिंद सेल्समध्ये आहे, त्यामुळे बोलण्याचं काम त्याने आपण होऊन घेतलं. "नमस्ते मॅडम, कैसी हैं आप? हम आपके काम के बहुत बड़े फ़ैन..." खट्. फोन बंद. एकदा आपटला की दोन मिनिटं पुन्हा लागत नाही, आणि घड्याळ काही थांबत नाही. दुसऱ्या वेळी सूनबाईंनी घेतला आणि सरळ मुद्द्यावर आल्या. आम्ही भविष्यातून आलोय. पलीकडून जांभई दिल्यासारखा आवाज, "इस हफ़्ते आप तीसरे हैं। सबूत?" सबूत म्हणून काय द्यावं यावर आमची मराठीत खलबतं सुरू झाली. भाऊजींचं म्हणणं, बाईला जरा गोडीगुलाबीने घ्या, असल्या बायका कौतुकाच्या भुकेल्या असतात. तोच फोनमधून खणखणीत मराठी आली, "कुजबुज बंद करा, मला सगळं ऐकू येतंय." खट्.

भाऊजी पुढची दहा मिनिटं गप्प होते. त्याचेच ७०० रुपये मी आनंदाने दिले असते.

पलीकडे रेकॉर्ड केलेला आवाज नसून जिवंत मुलगी बसलेली असते, कॅमेऱ्यातून तुम्हाला बघत असते, आणि संवाद जागच्या जागी रचते. हे ज्याला सुचलं त्याला मानलं. विक्षिप्त शास्त्रज्ञ म्हणून आपल्याला आजवर काय दाखवलं गेलं? पिंजारलेले केस, दोन पायांत दोन वेगळे मोजे, येताजाता कुणाचा तरी अपमान. तिरसटपणा म्हणजे टोपीला लावलेला तुरा, काढून टाकला तरी गोष्टीचं काही अडत नाही. इथे तो काढता येत नाही. लाडीगोडी, विनवणी, ओळख, दरडावणी सगळं करून बघा, फोन आपटला जातो. तुमच्या म्हणण्याला आधार काय एवढंच ती विचारते, आणि आधार दिला की तिरसटपणा तिथल्या तिथे संपतो, पुढचं दार उघडतं. राग धरत नाही, टोमणा मारत नाही. माझ्या ओळखीत जी काही खरोखर हुशार आणि फटकळ माणसं होती, ती अशीच होती. त्यांना माणसांचा कंटाळा नव्हता, ऐकीव बोलण्याचा होता.

प्रयोगशाळेच्या दारावर आतल्या बाजूने एक छोटी पाटी आहे, 'पाउली का प्रवेश वर्जित है'. कोडं सोडवायला तिचा काही उपयोग नाही, शंभरातले नव्वद लोक ती बघतही नसतील. पण ज्याने लावली त्याने अभ्यास केलाय. भौतिकशास्त्रज्ञ वोल्फगांग पाउली नुसता दारात आला तरी उपकरणं बिघडतात अशी त्याच्या मित्रांत आख्यायिका होती, आणि हॅम्बुर्गच्या ओटो स्टर्नने त्याला आपल्या प्रयोगशाळेत यायची बंदी केली होती म्हणतात. पाउली इतरांच्या सिद्धांतांची सालं काढायचा, हे सगळ्यांना ठाऊक असतं. डिसेंबर १९३० मध्ये त्याने स्वतः एका नव्या कणाची कल्पना पत्रातून मांडली, तेव्हा जो कण पकडताच येणार नाही असा कण आपण सुचवला म्हणून तो स्वतःवरही तितकाच वैतागला होता, हे कमी लोकांना ठाऊक असतं. तो कण, म्हणजे न्यूट्रिनो, १९५६ साली सापडला. पाउली तेव्हा हयात होता. आणि हो, आम्ही आत असताना त्या पाटीजवळचा दिवा फडफडून बंद पडला. तो खेळाचा भाग होता की नुसता गेला, हे मी मुद्दामच विचारलं नाही.

आमच्या पिढीला अशा माणसांचा आणखी एक नमुना जयंत नारळीकरांमुळे माहीत झाला होता, त्यांचे गुरू, खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉइल. हॉइलनी १९७२ साली केंब्रिज सोडलं ते भांडूनच. गुरू असे आणि शिष्य इतका मृदू, याचं आम्हाला नवल वाटायचं.

तर पहिला पुरावा. सुरुवातीला तुम्हाला भविष्यातली म्हणून एक पिशवी देतात, तीत एक निमंत्रणपत्रिका आहे. २८ जून २००९ रोजी स्टीफन हॉकिंग यांनी केंब्रिजमध्ये काळप्रवाशांसाठी खरोखरच पार्टी ठेवली होती. फुगे बांधले, शॅम्पेन मांडली, आणि निमंत्रण जाहीर केलं ते पार्टी होऊन गेल्यावर. म्हणजे ज्याला मागे जाता येतं तोच येणार. एकही जण फिरकला नाही. भूतकाळात शिरायच्या वाटा निसर्गच बुजवून टाकत असावा, असा तर्क हॉकिंगनी १९९२ साली मांडलाच होता. पत्रिकेवरचे अक्षांश-रेखांश कपाटाच्या कुलपासाठी लागतात, ते सोपं आहे. खरी गंमत फोनवर. पत्रिका वाचून दाखवली की डॉक्टर साहिबा विचारतात, "पार्टी में कोई नहीं आया। तो आप लोग कौन हैं?"

आम्ही पाचही जण गार. उत्तर खोलीतच असतं, फळ्यावर. ते शोधून सांगायचं ते साधारण असं : कुणी आलं नाही ही नोंद होऊन गेलेली आहे, झालेली गोष्ट आम्हाला पुसता येत नाही, म्हणून आम्ही जाऊ शकलोच नसतो. हा विचार पुढे ८०च्या दशकात इगोर नोव्हिकोव्ह या रशियन शास्त्रज्ञाच्या नावाने ओळखला जाऊ लागला. मागे गेलात तरी तुमच्या हातून तेच घडेल जे आधीच घडून गेलंय. आजोबांना मारायला जाल, तर बंदूक अडकेल. हे उत्तर नीट ध्यानात ठेवा, शेवटी तेच कामाला येतं. कोडी एकमेकांत अशी गुंफलेली मी दुसऱ्या कुठल्या खोलीत पाहिली नाहीत. सगळीकडे पहिलं कोडं सुटलं की ते मेलं.

फळ्याबद्दलही दोन शब्द. १९७४ हे साल उगीच घेतलेलं नाही. फळ्यावर एका कोपऱ्यात 'गोडेल १९४९' लिहिलंय आणि मधोमध एका लांबच लांब नळकांड्याचं चित्र आहे. गोडेल या गणितज्ञाने १९४९ साली आइन्स्टाइनच्या समीकरणांतूनच असं एक फिरतं विश्व काढून दाखवलं, ज्यात सरळ पुढे चालत राहिलं तर माणूस आपल्याच भूतकाळात पोचेल. १९७४ साली फ्रँक टिपलरने गणिताने दाखवलं की प्रचंड वेगाने स्वतःभोवती फिरणाऱ्या अमर्याद लांबीच्या नळकांड्याभोवतीही तसंच होईल. अमर्याद लांबी आणायची कुठून हा प्रश्न वेगळा. शाळेच्या लॅबला साधी ऑप्टिकल बेंच मंजूर करून घ्यायला मला काय काय करावं लागलं होतं ते आठवून हसू आलं.

आता ती चूक. दुसऱ्या खोलीत एका पेटीत दोन घड्याळं आहेत, एकावर पूर्व, दुसऱ्यावर पश्चिम. कुलूप बाणांचं आहे, प्रत्येक घड्याळासाठी काटा वर किंवा खाली करायचा. सोबत चिठ्ठी, की दोन विमानं पृथ्वीप्रदक्षिणा करून आली, त्यांची घड्याळं जमिनीवरच्या घड्याळापुढे गेली की मागे पडली? हा प्रयोग झालेला आहे. ऑक्टोबर १९७१ मध्ये हाफेले आणि कीटिंग या दोघांनी सीझियमची अणुघड्याळं साध्या प्रवासी विमानांतून जगभर फिरवली, एकदा पूर्वेकडे, एकदा पश्चिमेकडे. पूर्वेला गेलेली घड्याळं ५९ नॅनोसेकंद मागे पडली, पश्चिमेला गेलेली २७३ नॅनोसेकंद पुढे गेली. नॅनोसेकंद म्हणजे सेकंदाचा अब्जावा भाग. मी वर्गात हे इतक्या वेळा सांगितलंय की झोपेतही म्हणून दाखवीन. पूर्व खाली, पश्चिम वर. कुलूप हललं नाही.

भाऊजींना जरा बरं वाटलेलं दिसलं.

मी पुन्हा केलं. नाही. मिलिंद म्हणाला, "मावशी, दोन्ही खाली करून बघू का?" मी म्हटलं, करायचं नाही. जे चूक आहे ते कुलूप उघडण्यासाठीही करायचं नाही. फोन उचलला आणि डॉक्टर साहिबांना सांगितलं की तुमचं कुलूप चुकलंय. पलीकडे क्षणभर शांतता, मग ठरलेला सूर, "साबित कीजिए।" मी म्हटलं, करते. चिठ्ठी लिहिणाऱ्याने 'पळणारं घड्याळ हळू चालतं' एवढंच ऐकलंय. पण पळणारं म्हणजे कशाच्या मानाने पळणारं? जमीन स्वतःच पूर्वेकडे फिरतेय. पूर्वेला जाणारं विमान त्या वेगात आपला वेग मिळवतं, म्हणून त्याचं घड्याळ जमिनीवरच्यापेक्षा हळू. पश्चिमेला जाणारं विमान पृथ्वीच्या केंद्राकडून पाहिलं तर जमिनीपेक्षा कमी वेगाने चाललेलं असतं, म्हणून त्याचं घड्याळ जमिनीवरच्यापेक्षा जलद. वर उंचीचा हिशोब वेगळा. उंचावर गुरुत्वाकर्षण कमी, तिथे दोन्ही घड्याळं जलद चालतात. पूर्वेच्या विमानात ही दोन कारणं एकमेकांविरुद्ध ओढतात आणि थोडी घट उरते, पश्चिमेच्या विमानात दोन्ही एकाच दिशेने ओढतात. म्हणून एकीकडे ५९ आणि दुसरीकडे २७३.

मी बोलत असताना खट् झालं नाही. ऐकून घेतलं, आणि मग मुलगी हिंदी सोडून हळूच मराठीत म्हणाली, "एक मिनिट हं मॅडम." दार उघडून काउंटरवरचा तो आंटीजीवाला मुलगा किल्ली घेऊन आत आला. पेटी उघडली, घड्याळात गेलेला वेळ परत टाकला आणि वहीत काहीतरी टिपून घेतलं. वाद नाही, 'सब लोग तो यही लगाते हैं' नाही. दुकानदाराकडून यापेक्षा जास्त काय पाहिजे? नंतर आमच्या ओळखीतलं एक कुटुंब जाऊन आलं, त्यांच्याकडून कळलं की कुलूप बदललंय आणि चिठ्ठीही. त्यामुळे या चुकीचे मार्क मी कापलेले नाहीत. तुम्हाला ही पेटी दुरुस्त मिळेल.

बाहेर आल्यावर टॅक्सीची वाट बघताना भाऊजी म्हणाले, असल्या अब्जाव्या भागांनी सामान्य माणसाला काय फरक पडतो. त्यांच्या हातातल्या मोबाइलवर टॅक्सीचं चित्र हळूहळू सरकत होतं. जीपीएसच्या उपग्रहांतली घड्याळं आपल्यापेक्षा दिवसाला ३८ मायक्रोसेकंद, म्हणजे ३८,००० नॅनोसेकंद, पुढे जातात. उंचीमुळे ४५ पुढे, वेगामुळे ७ मागे. हा हिशोब आधीच धरून ठेवला नसता, तर दिवसाला दहा-एक किलोमीटरचा घोळ झाला असता. टॅक्सी विजयनगरऐवजी राजवाड्याला उभी दिसली असती. भाऊजींनी मोबाइल खिशात ठेवला.

सजावटीबद्दल माझी तक्रार आहे. प्रयोगशाळा युरोपातल्या कुठल्याशा गावात मांडलीय, खिडकीबाहेर कापसाचा बर्फ, भिंतीवर परदेशी यंत्रांचे फोटो. अहो, इंदूरमध्ये बसून बर्फ कशाला? १९७४ म्हणजे पोखरणचं साल, ती अणुचाचणी घडवणाऱ्या राजा रामण्णांचं साल. भारतात प्रयोगशाळा मांडायला आणखी कोणतं निमित्त हवं होतं? ज्या रामण्णांचं नाव आज आपल्या कॅटला, म्हणजे इथल्या प्रगत तंत्रज्ञान केंद्राला आहे, ते कॅट तेव्हा नव्हतं, त्याची पायाभरणी १९८४ ची, हे कबूल. पण हे तर काळप्रवासी! त्यांच्या पिशवीत कॅटचा एक फोटो टाकायला काय हरकत होती? काळ मंद करणारं यंत्र आपल्या गावात आहे आणि राजेंद्रनगरच्या पलीकडे ते आहे हे निम्म्या इंदूरला ठाऊक नाही. तिथल्या इंडस-२ या इलेक्ट्रॉन पळवणाऱ्या यंत्राच्या १७२.५ मीटर परिघाच्या कड्यात इलेक्ट्रॉन सेकंदाला १७ लाखांवर फेऱ्या मारतात. त्यांची ऊर्जा २.५ गिगा इलेक्ट्रॉनव्होल्टपर्यंत नेली की त्यांचा काळ आपल्यापेक्षा जवळजवळ ४,९०० पटींनी मंद चालतो. आम्ही त्या खोलीत एक तास धडपडलो, तेवढ्या वेळात त्यांचा पाऊण सेकंदही झाला नसता. शाळेची मुलं घेऊन मी तिथे गेले होते तेव्हा हा हिशोब फळ्यावर मांडून नेला होता. प्रवास फक्त पुढच्या दिशेने, परतीचं तिकीट नाही, पण खराखुरा. मालकांनी पुढच्या वेळी रंग काढताना या सूचनेचा विचार करावा.

ओजसबद्दल एक सांगायचं राहिलं. कोपऱ्यात निळा आणि हिरवा असे दोन कचऱ्याचे डबे आहेत. वापरून झालेली पहिली चिठ्ठी त्याने इमानदारीत सुक्या कचऱ्यात टाकली, कुणाला न सांगता. इंदूरचं पोर, दुसरं काय करणार? तिच्या पाठीमागचा मजकूर शेवटी लागतो. ती शोधण्यात आमची चार मिनिटं गेली. आतल्या कुठल्याच कागदाला 'झालं' म्हणू नका.

इथून पुढचा भाग, ज्यांना खेळायचंय त्यांनी सोडून थेट शेवटच्या परिच्छेदावर जावं.

कामगिरी अशी, की डॉक्टर साहिबांची एक वही त्या रात्री आगीत जळाली, आणि तुमच्या भविष्याला त्या वहीतली चार पानं हवी आहेत. वही तिजोरीत. तिजोरीचा नंबर त्या सांगत नाहीत, आणि इथे खेळ लिहिणाऱ्याने मोठाच घात केलाय. फळीवर एका लहान मुलीचा फोटो आहे. फोनवर त्या मुलीचं नाव घेतलं, 'तिच्यासाठी तरी' म्हटलं, की मागे व्हायोलिन वाजतं, बाई हुंदका देतात आणि नंबर सांगतात. तासभर सबूत-सबूत करणारी बाई, आणि फोटोवर विरघळते? शास्त्रज्ञ पुरुष असता तर त्याला असा फोटो दाखवून रडवला असता का? त्याला एखादं समीकरण दिलं असतं. फोनवरच्या मुलीलाही हे पटत नसावं, कारण इतका वेळ धारदार बोलणारी ती तेवढी दोन वाक्यं वाचून दाखवल्यासारखी बोलली. एक तारा इथे कापलाय. पाचपैकी चार.

पण त्यानंतरचं फारच छान आहे. तिजोरी उघडली, वही हातात आली, मिलिंद ती घेऊन दाराकडे धावला. दार उघडेना. आठ मिनिटं उरली होती. सगळे पुन्हा किल्ल्या शोधायला लागले आणि ओजस मधोमध उभा राहून म्हणाला, "पण बाबा, वही जळली असं आपल्याला आधीच माहितीय ना? मग आपण ही नेली, तर जळली ती कुठली?" मी काही बोलले नाही. बोलण्याची फार इच्छा झाली होती. त्याने फोन उचलला आणि हाच प्रश्न विचारला. पलीकडून मराठीत, "कितवीत आहेस?" "पाचवीत." "मग या लोकांबरोबर कशाला फिरतोस?" आणि पहिल्यांदाच फोन हळू ठेवला गेला.

पुढचं त्याने आम्हाला सांगितलं. पानं हाताने उतरवून घ्यायची आणि खरी वही कोपऱ्यातल्या शेगडीत ठेवायची. झालेलं पुसायचं नाही, झालं तसंच होऊ द्यायचं. चौघांनी एकेक पान घेतलं. मिलिंदचं अक्षर त्याचं त्याला लागत नव्हतं, सूनबाईंना आडव्या रेघा सापडेनात, आणि भाऊजींनी जन्मभर लेजरं लिहिलेल्या हाताने आख्खं पान एकही खाडाखोड न करता, आकड्याखाली आकडा असं मोत्यासारखं उतरवून सगळ्यांच्या आधी टेबलावर ठेवलं. वही शेगडीवर ठेवल्याबरोबर तांबडा दिवा लागला आणि दार उघडलं. पन्नास सेकंद शिल्लक होते.

बुकिंग करताना एकच गोष्ट नक्की विचारा, त्या वेळेला फोनवर कोण आहे. मराठी बोलणारी ही मुलगी संध्याकाळी असते, कॉलेज करून येते. दुपारच्या पाळीला एक मुलगा असतो, तो म्हणे फार गोड बोलतो, चुकलं तरी "कोई बात नहीं, फिर से सोचिए" म्हणतो आणि फोन आपटत नाही. आमच्या ओळखीच्या त्या कुटुंबाला तो मिळाला होता. ते चाळीस मिनिटांत बाहेर आले आणि म्हणाले, ठीक होतं.